निसर्गाचे वैविध्य आणि समाजाचे रकाने



अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने शरीरशास्त्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या प्रश्नापायी माणसाची भाकरी जाते, तो अर्थशास्त्राचाही प्रश्न असतो.

शांती सौंदरराजन या तामिळनाडूतील वीटभट्टी मजुरांच्या कन्या, जातीने दलित. २००६ साली दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ८०० मीटर धावण्याच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळविले. पाठोपाठ लिंगचाचणी झाली आणि पदक काढून घेण्यात आले. उत्तेजक द्रव्य घेतल्याचा त्यांच्यावर आरोपही नव्हता. पुढे काही काळ त्यांना पुन्हा वीटभट्टीवरच राबावे लागले.

गुणसूत्रे, ग्रंथी, संप्रेरके आणि बाह्य अवयव यांचा मेळ सर्वांच्या शरीरात एकाच रीतीने बसतो असे नाही. ज्यांच्यात तो जन्मतःच निराळा असतो, त्यांना आंतरलिंगी म्हणतात. स्वतःला स्त्री मानावे, पुरुष मानावे की आणखी काही, हा याहून वेगळा प्रश्न आहे. या साऱ्यांना ‘तृतीयपंथी’ या एकाच शब्दात कोंबणे चूक होय.

अन्य समाजांनीही हे वैविध्य पाहिले आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या खेड्यात मुली म्हणून वाढलेल्या काही मुलांमध्ये वयात येताना पुरुषलक्षणे प्रकट होत. एका विकराच्या अभावामुळे असे घडते, हे संशोधकांनी १९७४ साली दाखविले. गावाच्या बोलीत मात्र त्यांच्यासाठी शब्द आधीच रुळलेला होता. थट्टा होई, तरीही त्यांतील बहुतेक जण पुढे पुरुष म्हणून जगले.

आपल्याकडे २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तामिळनाडू सरकारने आंतरलिंगी अर्भकांवर लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रिया करण्यास बंदी घातली. अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा. जाणते झाल्यावर स्वतःच्या शरीराचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, हे त्यामागील तत्त्व.

जन्मावरून माणसाची पायरी ठरवू नये, असे आपण जातीच्या बाबतीत सांगत आलो. शरीराच्या बाबतीत आपली जीभ का अडखळावी? उद्या आपल्या वस्तीत असे मूल जन्मास आले, तर आईला बोल लावणाऱ्यांच्या आधी आपला कार्यकर्ता त्या दारात पोहोचला पाहिजे. शस्त्रक्रियेची घाई करू नका, मुलाला शाळेतून काढू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत, एवढे तरी त्याने सांगावे. समतेचे काम तेथूनच सुरू होते.