चून किती मिनिटांत होतं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



समितीनं मला विषय दिला 'झटपट आणि पौष्टिक स्वयंपाक' आणि वेळ दिला वीस मिनिटं. म्हणजे आधी मलाच झटपट व्हायचं आहे. मी बरीच वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं, पण आज तक्ते वगैरे आणलेले नाहीत. ही शेगडी आणि ही लोखंडी कढई आणली आहे. शेवटी आपण एक पदार्थ घड्याळ लावून करणार आहोत. तोवर थोडं बोलू द्या.

आपण इथं राहायला आलो तेव्हा संध्याकाळी सहा वाजता जिन्यातून चढताना कुठल्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळायचं. पहिल्या मजल्यावर लसणाची फोडणी, दुसऱ्यावर कुकरची शिट्टी, तिसऱ्यावर भाकर. आता रात्री आठ ते दहाच्या मधली आपल्या गेटवरची वही बघा. वॉचमन दादांचा हात दुखतो डिलिव्हरीवाल्या मुलांची नावं लिहून लिहून. मी कुणाला दोष देत नाही. घरातली दोघंही नोकरी करतात. कुणी मिहानमध्ये, कुणी बँकेत, कुणाची दवाखान्यात पाळी. सात-साडेसातला घरी पोचायचं, पोरगं चार वाजल्यापासून एकटं किंवा आजीजवळ, आणि दार उघडताच पहिला प्रश्न, "आई, खायला काय आहे?" त्या क्षणी मोबाईल हातात घेणं सोपं वाटतं.

माझं म्हणणं आहे ते या चार ते आठच्या मधल्या वेळेबद्दलच. मुलाची खरी भूक त्या वेळेला असते. डबा शाळेत अर्धा खाल्लेला असतो, खेळून आलेलं असतं, आणि त्याच वेळी घरात स्वयंपाक करायला कुणी नसतं. मग पाकीट फोडलं जातं. रात्री नऊला गरम पोळी वाढली की, "मला भूक नाही." आपण म्हणतो पोरगं जेवत नाही. अहो, ते जेवून बसलंय, फक्त कशानं तेवढं बघा.

एक आकडा सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. शंभरातली एकोणसत्तर म्हणा. आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा वाढलेला आहे. एवढा मोठा आकडा काही फक्त पाड्या-वस्त्यांमधून येत नाही. लिफ्टनं वरखाली करणारी मुलंही त्यात आहेत. आणि बायकांमध्ये ५४ टक्के. म्हणजे वाढणारीही थकलेली आणि जेवणारंही.

आता यावर उपाय म्हणून कुणी महागडी पावडर सांगेल, कुणी परदेशी बिया. मी म्हणते, आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या स्वयंपाकघरात आधी नीट बघा. इथला स्वयंपाक घडवला तो दिवसभर कापूस वेचून, निंदण करून संध्याकाळी घरी परतणाऱ्या बाईनं. तिलाही वेळ नव्हता! तिच्यामागेही भुकेली पोरं होती. म्हणून तर आपल्याकडे चून आहे. पुणे-मुंबईकडच्या सुनांसाठी सांगते, चून म्हणजे पिठलं. (आणि भाजीवाल्यानं "सांबार घेता का?" विचारलं तर ती कोथिंबीर असते, इडलीबरोबरचं नव्हे. आपल्या बी विंगमधल्या एका सुनेनं पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे भांडं नेलं होतं.)

चून किती मिनिटांत होतं? मी मोजलंय. कांदा चिरण्यापासून धरलं तर पंधरा मिनिटं. लसूण सोललेला असेल तर बारा. आपल्या हातातलं जेवण गेटपर्यंत यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. वाटीभर बेसनात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय लोह. ते पाण्याऐवजी ताकात कालवा, बरोबर ज्वारीची भाकर आणि कांदा-लिंबू द्या. भाकर येत नसेल तर पोळी चालेल, सकाळची चालेल. लिंबू मात्र विसरू नका. डाळ, पोहे, पालेभाजी यांतलं लोह शरीरात नीट शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. ते लिंबात आहे, आवळ्यात आहे, आपल्या संत्र्यात आहे. उलट पोह्यांबरोबर चहा घेतला की त्यातलं लोह बरंचसं वाया जातं. लहान पोरांना पोह्यांवर चहा देण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे ती, माफ करा, पण मोडायला पाहिजे. नागपूरचा माणूस तर्री-पोहे सोडणार नाही हे मला माहीत आहे. चहा तासाभरानं घ्या, एवढंच म्हणते.

चुनासारखे आणखी किती पदार्थ आपण विसरलो! गोळाभात घ्या. चणाडाळीचा भरडा तिखट-मीठ-हिंग-तेल घालून मळायचा, गोळे करायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून झाकण घालायचं. भात आणि डाळ एकाच भांड्यात, वरून कडकडीत तेलाची फोडणी, बरोबर कढी. भांडं घासायलाही एकच. तांदळाच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीतलं कमी ते तांदळात, हे शास्त्र आम्ही वर्गात शिकवायचो. गावाकडच्या म्हातारीला ते न शिकता येत होतं. ज्वारीच्या कण्या आणि ताक. चणाडाळ, पालक आणि फल्लीदाणे घालून केलेली डाळभाजी, जी आता फक्त लग्नाच्या पंगतीत भेटते. डाळभाजी तर कुकरमध्ये होते. पालक, डाळ, दाणे, सगळं एकत्र. मुलाला पालक आवडत नाही म्हणणाऱ्या आयांनी हीच करून बघावी, दाणे शोधता शोधता पालक पोटात जातो.

पण मैत्रिणींनो, झटपट स्वयंपाक गॅस पेटल्यावर होत नसतो. तो आदल्या रविवारी होतो. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण पाककृती तुम्हाला 'रुचिरा'तही मिळतील. १९७० पासून ते पुस्तक आपल्या घराघरांत लग्नात भेट येतंय, फडताळावर असेलच. संध्याकाळी वेळ कशात जातो? लसूण सोलण्यात, पालेभाजी निवडण्यात, डाळ भिजली नाही म्हणून खोळंबण्यात, आणि सगळ्यात जास्त, "आज काय करू?" यात. शिजायला थोडाच वेळ लागतो! म्हणून रविवारी सकाळी कॉटन मार्केट किंवा गोकुळपेठेतून भाजी आणली की ती तशीच फ्रिजमध्ये कोंबू नका. अर्धा तास सगळ्यांनी बसायचं, टीव्ही चालू असला तरी चालेल. पालेभाजी निवडून, न धुता, कापडात गुंडाळून ठेवायची. बरबटी मोडून डब्यात. वाटीभर लसूण सोलून. दाण्याचा कूट करून. मिरची-लसणाचा ठेचा. कणीक कोरडीच भाजून एका बरणीत, त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते. आणि रोज रात्री झोपताना एकच काम, उद्यासाठी काहीतरी भिजत घालायचं. मटकी, चणे, बरबटीचे दाणे, काहीही. ओटा पुसताना करायचं ते काम आहे, दोन मिनिटांचं.

इथं उन्हाळ्याची सूचना द्यायलाच हवी, कारण आपण नागपुरात राहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. सकाळचा भात-वरण ओट्यावर झाकून ठेवून "संध्याकाळी पोरगं गरम करून खाईल" हे चालायचं नाही. इतक्या उष्णतेत शिजवलेलं अन्न तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवं. भाताचं तर विशेष जपा, त्यातले काही जंतू असं विष तयार करतात की नंतर कितीही गरम केलं तरी ते जात नाही. पसरट भांड्यात काढा म्हणजे लवकर निवेल. मळलेली कणीक फ्रिजमध्येही एका दिवसापेक्षा जास्त नको. मोड उन्हाळ्यात एका रात्रीत येतात, दुसऱ्या दिवशी त्यांना वास येतो, आणि लहान मुलांना ते वाफवूनच द्यायचे.

आता ज्यांच्याकडे स्वयंपाकाला ताई येतात, त्यांच्याबद्दल. आपल्या कितीतरी घरांत येतात. त्या सकाळी सातपासून चार-पाच घरं करतात, मग स्वतःच्या घरी जाऊन परत चूल. त्यांचीही पोरं चार वाजता शाळेतून येतात. निवडलेली भाजी आणि भिजलेली डाळ समोर असली तर त्यांचा अर्धा तास वाचतो. तो अर्धा तास त्यांचा राहू द्या, त्यात आणखी दोन भाज्या सांगू नका. आणि त्यांनी सुट्टी घेतली की आपलं घर उपाशी, ही काय रीत झाली? घरात चार धडधाकट माणसं असताना!

यावरून मुद्द्यावर येते. मागच्या रांगेतल्या काका मंडळींनी जरा इकडे लक्ष द्यावं. २०१७ साली आपल्या नागपूरच्या विष्णू मनोहरांनी सलग पन्नास तासांहून अधिक स्वयंपाक करून विक्रम केला. मोठीच गोष्ट आहे, टाळ्या त्यांना. पण या सभागृहात अशा काही जणी बसल्या आहेत ज्यांची पंचवीस वर्षांत एक संध्याकाळ चुकलेली नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. पाच तासच म्हणा. असं काम करणाऱ्या पुरुषांचा निघाला ९७ मिनिटं. आणि मुळात ते करणारे पुरुष शंभरात सव्वीस.

म्हणून जेव्हा बायका विचारतात, "मॅडम, वेळ वाचवायची युक्ती सांगा," तेव्हा मला सांगावंसं वाटतं की तुमच्या एकटीच्या वेळात आणखी किती कातरकाम करणार? सहा वर्षांचं पोर वाटाणे सोलू शकतं, दाण्याची साल पाखडू शकतं. दहा वर्षांचं तांदूळ धुऊन पाणी मोजून कुकर तयार करून ठेवू शकतं, फक्त गॅस मोठ्यांनी पेटवायचा. चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला चून आलंच पाहिजे. मी 'मुलाला' आधी म्हटलं ते मुद्दाम. उद्या तो शिकायला पुण्याला, बंगलोरला जाणार, तिथं तुम्ही डबा कसा पोचवणार? आणि स्वतः शिजवलेलं पोरं निमूटपणे खातात. कच्चं राहिलं तरी खातात आणि वर "मस्त झालंय" म्हणतात.

पाकिटाबद्दल एकच सांगते. बंद करा म्हणणार नाही, कारण कुणी ऐकणार नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सोडियम लिहिलेलं असतं. मुलांनाच वाचायला लावा आणि त्याला अडीचनं गुणायला सांगा. तेवढं मीठ झालं. मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मुलांना त्याहून कमी. आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलानं असा हिशेब करून आईला दाखवला. पाकीट सोडलं नाही त्यानं, पण मसाल्याची पुडी आता अर्धीच घालतो. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

आणि आजी-आजोबांनो, चार वाजता घरात तुम्ही असता. तुम्ही पुऱ्या तळायला बसू नका. हातात द्यायला उकडलेला आलू, भाजलेली फल्ली आणि गूळ, केळं, दही-पोहे, हंगामात संत्रं. एवढं पोटात गेलं की आईबाबा येईपर्यंत पोर तग धरतं आणि रात्रीही जेवतं.

बरं, वेळ संपत आली. आता उकडपेंडी. किती जणांना माहीत आहे? हात वर करा... बघा, पन्नाशीच्या वरचेच हात आहेत! हीच ती भाजलेली कणीक, जाडसर दळलेली, निम्मी ज्वारीची. दोन वाट्या घेतल्या आहेत. फोडणीत मोहरी, फल्लीदाणे, कढीपत्ता, मिरची, कांदा, हळद. त्यात कणीक परतायची, मीठ घालायचं, आणि दीड वाटी आंबट ताकाचा हबका थोडा थोडा मारत हलवत राहायचं. मोकळी झाली पाहिजे, लगदा नको. मग झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. वरून सांबार आणि लिंबू. कणीक आधी भाजलेली असल्यामुळे बारा मिनिटांत व्हायला हवी.

ढवळायला कोण येतंय? तू ये बाळा, निळ्या शर्टवाला. आईकडे काय बघतोस, ये. आणि अध्यक्ष साहेब, तुम्ही कांदा चिरा, पाटी आणि सुरी इथं आहे. सचिवांनी मोबाईलवर वेळ लावावी. तेल तापलंय. दाणे आधी टाक, हं, हळूच, कढईच्या कडेनं...