पहारेकऱ्याची झोप

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत आपल्या गच्चीवर दिलेले भाषण. वक्त्या बी विंगमधील रहिवासी असून निवृत्त परिचारिका आहेत.)



सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, योगावर झालं, डाएटवर झालं, तुम्ही फिटनेसवर काहीतरी वेगळं बोला." मी म्हटलं, झोपेवर बोलते. ते म्हणाले, "लोक झोपतील हो!" झोपले तर झोपू देत. मग म्हणाले, "तुमच्या बायबलमधलं सांगितलंत तरी चालेल. गणपतीत आपण बुवांचं कीर्तन ऐकतो, तसं तुमचंही ऐकू." त्यामुळे आज थोडं नर्सिंगचं आणि थोडं बायबलचं असं मिसळून बोलणार आहे.

भाषण लांबलं तर काय होतं हे बायबलमध्येच लिहून ठेवलंय. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. त्रोवस गावात संत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला होता. त्याला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल धावत खाली गेले, मुलगा वाचला, आणि मग पौल वर येऊन पहाटेपर्यंत पुन्हा बोलत राहिले! मी पौल नाही. तरी तिकडे कठड्याला टेकलेल्या मुलांनी जरा अलीकडे या.

माझं माहेर इथलंच, वसईच्या गावातलं. आजी पहाटे तीनला उठायची. वाडीतली फुलं टोपलीत भरून पहिल्या गाडीने दादरला जायची. पण हीच आजी रात्री आठला झोपलेली असायची. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की रोजरी, मग जेवण, मग दिवा बारीक. लवकर उठण्याचं कौतुक आपण सगळे करतो. लवकर झोपण्याचं कुणी करत नाही. "मी चारच तास झोपतो" हे लोक पदक मिळाल्यासारखं सांगतात. आजीला तसं कुणी सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, "का रे बाबा, बरं नाही का?"

आता शरीराचं. जाणत्या माणसाला किमान ७ तास झोप लागते आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १०. मुलांचा आकडा आयांनी लक्षात ठेवावा. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. मुलाला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, हा सगळाच आळस नसतो. त्यात आपण सकाळी सहाचा क्लास लावतो आणि उशाशी मोबाइल ठेवू देतो. झोपेत मेंदू दिवसभराचं शिकलेलं लावून ठेवतो. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या टाकीत पाणी सोडणं. आपल्या टाकीचं आपल्याला माहीतच आहे, बिल किती यायचं ते.

जिमला जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. व्यायामात स्नायूंवर ताण पडतो, त्यांची दुरुस्ती नंतर विश्रांतीत होते. वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, जास्त करून गाढ झोपेत सुटतं. झोप कमी पडली की भूक वाढते, आणि ती भूक काकडीची नसते, फरसाणची असते. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं जवळजवळ अर्धं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. शरीराचं हे घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं, हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं.

आणि घोरणं. आमच्या ह्यांच्या परवानगीने सांगते. आमच्या घरात घोरणं हा वर्षानुवर्षं विनोदाचा विषय होता. मी नर्स असूनही हसण्यावारी नेलं. घोरता घोरता मध्येच श्वास थांबायचा, मग एकदम दचकून सुरू व्हायचा. दिवसा बसल्या जागी डोळा लागायचा. एकदा स्कूटर चालवताना लागला. नशीब, बाजूला गवत होतं. मग तपासणी झाली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला. आता रात्री मशीन लावून झोपतात. कुणाच्या घरी श्वास असा अडकत असेल तर कृपा करून हसू नका, डॉक्टरांकडे न्या. रक्तदाब आणि हृदय दोन्हीवर त्याचा भार पडतो.

आता ख्रिस्ती माणूस झोपेकडे कसा बघतो ते सांगते. बायबलमध्ये एलीया नावाचा मोठा संदेष्टा आहे. राणी जिवावर उठली म्हणून तो रानात पळून गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणाला, आता मला मरण दे. देवाने काय केलं? देवदूत पाठवला. देवदूताने उपदेश केला नाही. एलीया झोपलेला होता, त्याला उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने परत उठवलं, परत जेवू घातलं. पुढचं बोलणं होरेब डोंगरावर झालं, चाळीस दिवस चालून गेल्यावर. वॉर्डात आयुष्य काढल्यावर मला ही गोष्ट फार खरी वाटते. "जगण्यात अर्थ नाही" म्हणणाऱ्या माणसाला औषध, डॉक्टर, आधार सगळं लागतंच. पण तो शेवटचा कधी जेवलाय आणि कधी झोपलाय, हे आधी विचारावं.

प्रभू येशूही थकायचे. दिवसभर लोकांना शिकवून झाल्यावर होडीत उशीवर डोकं ठेवून झोपले, ते वादळातही उठले नाहीत. शिष्यांनी हलवून उठवलं. आणि संत योसेफ! मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांच्या तोंडी एकही शब्द नाही. देवाचे सगळे निरोप त्यांना झोपेत, स्वप्नात आले, आणि उठल्यावर त्यांनी लगेच तसं केलं. पोप फ्रान्सिस यांच्या टेबलावर झोपलेल्या योसेफांची मूर्ती होती. काही अडचण आली की ते चिठ्ठी लिहून त्या मूर्तीखाली ठेवायचे. हे त्यांनी २०१५ मध्ये मनिलाला स्वतः सांगितलं होतं.

पण मला ज्यासाठी आज उभं राहायचं होतं ते अजून बोलले नाही.

बायबलमध्ये स्तोत्रसंहितेत १२७ वं स्तोत्र आहे. छोटंसं आहे, पण सोसायटीच्या ऑफिसात लावावं असं. त्यात सुरुवातीलाच घर बांधणारे येतात, मग नगराचा पहारेकरी येतो, मग पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणारा माणूस येतो. देवाला सोडून या तिघांचेही कष्ट वाया, असं ते म्हणतं आणि मग झोपेवर येतं. झोप ही देवाने आपल्या प्रिय माणसांना दिलेली देणगी आहे, असा त्याचा आशय. घर, वॉचमन आणि झोप, तिन्ही एकाच ठिकाणी!

घराचं आपल्याला माहीत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा हप्ते फेडायला कुणी ओव्हरटाइम केला, कुणी दोन नोकऱ्या केल्या. वसई रोड ते चर्चगेट उभ्याने, आणि तेही दोन्ही वेळा. ही बिल्डिंग आपण झोप विकून उभी केली. त्याची किंमत काही जणांनी शुगर आणि बीपीमध्ये मोजली. जे आज फक्त फोटोत आहेत, त्यांचीही मला आठवण येते.

वॉचमनबद्दल मात्र मला कबुली द्यायची आहे. मागे एकदा पहाटे तीन वाजता आपला रात्रीचा वॉचमन खुर्चीत झोपलेला कुणीतरी पाहिला. फोटो ग्रुपवर आला. सकाळपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यात एक अंगठा माझा होता. दोन दिवसांत माणूस बदलला गेला. नंतर दूधवाल्याकडून कळलं की तो आपल्याकडे बारा तास करायचा आणि दिवसा दुसऱ्या एका साइटवर उभा असायचा. गावी मुलीचं लग्न काढलं होतं.

मी तीस वर्षं नाइट ड्यूटी केलेली बाई. सलग चौथ्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला, एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याच्या हातापर्यंत घेऊन गेले होते मी. बरोबरच्या सिस्टरने मनगट धरलं म्हणून निभावलं. आमच्या मेट्रन कडक होत्या. मला वाटलं, आता मेमो. त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन अर्धा तास आडवं व्हायला लावलं आणि स्वतः वॉर्डात बसल्या. पुढच्या महिन्यात ड्यूटीचं वेळापत्रकच बदललं. मला मेट्रन भेटल्या, त्या माणसाला आपण भेटलो.

रात्री जागणं हा काही साधा त्रास नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" या गटात घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. नर्स, पोलीस, मोटरमन, वॉचमन, कुणीतरी जागावंच लागतं, हे मला कळतं. पण जो आपल्यासाठी जागतो त्याला झोपायला वेळ उरेल, एवढं बघणं आपल्या हातात आहे. येशूंचे शिष्यसुद्धा गेथशेमाने बागेत ऐन संकटाच्या रात्री झोपी गेले. येशूंना वाईट वाटलं, त्यांनी विचारलंही. पण मन तयार असलं तरी देह दुबळा असतो, हेही तेच म्हणाले. त्यांना कामावरून काढलं नाही.

म्हणून मी पुढच्या एजीएमसाठी एक ठराव लिहिलाय. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या. रात्रपाळी एकाच माणसाकडे कायम नाही, आलटून पालटून. केबिनमध्ये एक पंखा आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची. मेंटेनन्स थोडा वाढेल. सेक्रेटरींबरोबर बसून मी हिशेब काढलाय. एका घराचा महिन्याचा वाढीव खर्च बाहेरून मागवलेल्या एका पिझ्झापेक्षा कमी पडतो. "पैसे वाढवले तरी तो दुसरी नोकरी धरणारच," असं कुणी म्हणेल. धरेलही. पण बारा तासांनंतर धरणं आणि आठ तासांनंतर धरणं यात चार तासांच्या झोपेचा फरक आहे.

त्याच बैठकीत दुसराही विषय घ्यावा. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा कायदा आहेच. आमच्याकडे कित्येक चर्चमध्ये नाताळची मध्यरात्रीची मिस्सा त्यासाठी अलीकडे आणली गेली. जुन्या माणसांना ते जड गेलं, मलाही गेलं. पण त्याच वेळी ए विंगमध्ये तान्हं बाळ होतं, तेही आठवतंय. गच्चीवरचे वाढदिवसही दहाला संपायला हरकत नाही.

ठरावावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. कागद माझ्या पिशवीत आहे आणि पेनही आहे. खाली चहा ठेवलाय असं कळलं. साडेनऊ वाजलेत, मी घेणार नाही. तुम्ही तुमचं बघा.