बाप गेलेल्या घरातलं लेकरू

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या आशा आणि अंगणवाडीच्या बाया. आज आमच्यातली एकच बोलते आहे, पण बोलणं सगळ्यांचं आहे.

घरातल्या माणसानं जीव दिला, की तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. पोलीस येतात, तलाठी येतो, पुढारी येतो, पेपरवाला येतो. सगळे बाईला विचारतात. कर्ज किती होतं, सातबारा कोणाच्या नावावर, पऱ्हाटी किती एकर. लेकरू दाराआड उभं राहून सगळं ऐकत असतं. त्याला कोणी काही विचारत नाही आणि सांगतही नाही. आज त्या लेकराबद्दल बोलू.

पहिली गोष्ट सांगण्याची. आपल्याकडे बहुतेक घरांत लेकराशी खोटं बोलतात. बाबा पुण्याला कामाला गेले, बाबा झोपलेत, देवानं नेलं. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण पुण्याला गेले म्हटलं, की सहा वर्षांचं पोर रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन बसतं. झोपलेत म्हटलं, की त्याला रात्री डोळे मिटायची भीती वाटते, आईचा डोळा लागला तरी ते तिला हलवून जागं करतं. आणि खरं काय ते शाळेत दुसरं पोरगं सांगतंच, तेही नको त्या शब्दांत. मग बाप गेल्याचं दुःख राहतंच, वर घरचे खोटं बोलले हेही मनात बसतं.

म्हणून खरं सांगावं, थोडक्यात सांगावं, आणि लेकराच्या ओळखीच्या माणसानं सांगावं. आई, आजी, मोठी आई, जी जवळची असेल ती. आम्ही असं सांगायला सुचवतो: "बाबा वारले. आता ते परत येणार नाहीत. त्यांच्या मनाला खूप मोठा त्रास होता, त्याच्यावर त्यांना मदत मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. त्यात त्यांचा जीव गेला." कसा गेला, काय घेतलं, कुठे सापडले, हे सांगायची गरज नाही. मोठ्या पोरानं विचारलं तर खोटं बोलू नये, पण वर्णन करू नये.

याच्या जोडीला अजून दोन वाक्यं सांगायची, आणि ती एकदा सांगून भागत नाही. एक, "हे तुझ्यामुळे झालं नाही." दुसरं, "तुझ्याजवळ आम्ही आहोत, तुझं जेवणखाण, शाळा आम्ही बघू." पहिलं वाक्य कशाला, असं तुम्हाला वाटेल. लेकरं आतल्या आत हिशेब लावतात. मी नवं दप्तर मागितलं म्हणून बाबांना पैशाचा त्रास झाला. मी त्या दिवशी डबा घेऊन शेतात गेले नाही म्हणून झालं. असा हिशेब पोटात घेऊन पोरं वर्ष वर्ष राहतात, आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

आता पुरुष मंडळींनाही ऐकवावं असं एक बोलतो. तेरवीला आलेला प्रत्येक पाहुणा दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "आता तूच घरचा कर्ता. आईला सांभाळ." अहो, त्याला आईनं सांभाळायचं वय आहे! ते पोर त्या दिवसापासून रडायचं बंद करतं. लोक म्हणतात, किती समजदार झाला. काही महिन्यांनी तेच शाळा सोडून मजुरीला जायचं म्हणतं. मुलीला असं कोणी कर्ता म्हणत नाही, तिच्या हातात सरळ भांडी येतात आणि धाकटा भाऊ कडेवर येतो. समजदार दिसणारं लेकरू बरं आहे असं धरून चालू नका. घरात मदत करू द्या, पण खेळायला पाठवा आणि शाळा मोडू देऊ नका. शाळेची घंटा, खिचडी, ओळखीच्या बाई किंवा गुरुजी, रोजचं तेच ते चालू राहिलं की लेकराचा जीव थाऱ्यावर येतो. शाळेत आधी जाऊन सांगून ठेवावं, म्हणजे वर्गात कोणी खोदून विचारणार नाही.

रीतीभातीचंही बोलायला हवं. आईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, ते लेकरासमोर. काही पोरांना बाप गेल्याच्या दिवसातलं नंतर तेवढंच आठवतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. आपल्या ग्रामसभेत हा विषय अजून निघाला नसेल तर बचत गटानं काढावा. लेकराला अंत्यविधीला यायचं असेल तर तिथे काय होणार ते आधी सांगा, एक जण हात धरून सोबत ठेवा. यायचं नसेल तर ओढून नेऊ नका.

या दिवसांत लेकरात फरक पडतोच. बोबडं बोलणं सोडलेलं पोर परत बोबडं बोलतं. अंथरूण ओलं करतं. आईचा पदर सोडत नाही. मोठं पोर चिडतं, मारामारी करतं, किंवा पोट दुखतं, डोकं दुखतं म्हणून रोज घरी राहतं. फवारणीचा पंप दिसला तरी काही पोरं दचकतात. लहानगी तर बाहुलीची तेरवी करायचा खेळ खेळतात, आणि आजी चपराक देते की अपशकुन बोलतेस. मारू नका. पोरांचं बोलणं खेळातूनच होतं. अंगणवाडीत आम्ही कागद-रंग देतो, माती देतो, आणि जवळ बसतो. काय काढलं ते त्यानं सांगितलं तर ऐकतो. "सांग ना, काय झालं होतं," असं मागे लागत नाही.

अंथरूण ओलं करतंय म्हणून देवऋषीकडे नेणारी घरंही आहेत. अंगारा लावल्यानं मनाला बरं वाटत असेल तर लावा, त्यावर आम्ही भांडत नाही. पण पोराला उपाशी ठेवणं, चटके देणं, बाहेरचं लागलंय म्हणून मारणं हे आम्ही चालू देणार नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असल्या प्रकारांना शिक्षा आहे.

बहुतेक लेकरं मायेनं आणि वेळेनं सावरतात, डॉक्टर लागत नाही. पण महिना उलटला आणि पोर झोपत नाही, जेवत नाही, शाळेत जात नाही, कोणाशी बोलत नाही, असं असेल तर आम्हाला सांगा. आपल्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आधी दाखवायचं, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि लागलंच तर जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग. शाळेत तपासणीची गाडी येते तेव्हा दाखवू असं म्हणू नका. ती शाळेत वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा.

जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हालाही कळतं. म्हणून फोनची सोय सांगतो. टेलि-मानस, नंबर १४४१६. एक चार चार एक सहा. ऑक्टोबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईला एकटीला फोन लावायला सांगू नका, पहिल्यांदा शेजारी बसा. नाव सांगायची लाज वाटत असेल तर "माझ्या बहिणीच्या घरी असं झालंय" असं म्हणूनही सुरुवात करता येते.

एक गोष्ट मात्र महिनाभर थांबायची नाही. "मला बाबांकडे जायचंय," असं पोर म्हणालं तर रागावू नका, तोंड दाबू नका. लहान पोर नुसत्या आठवणीनंही म्हणतं. जवळ घेऊन सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं मनात नसलेलं येतं, हा गैरसमज आहे. उलट मोकळं होतं. हो म्हणालं, किंवा गप्प राहिलं, तर त्याला क्षणभर एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि फवारणीचं सगळं दुसऱ्याच्या घरी कुलपात टाका, १४४१६ लावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही करून बसलं तर १०८.

आईकडे बघायचं राहूनच जातं. लेकरू आईच्या तोंडाकडे बघून जगतं, आणि ती माय रात्र रात्र जागी असते, दिवसा कागद घेऊन तहसीलच्या खेट्या घालते. शेतकरी कुटुंबांच्या मनाच्या आरोग्यासाठी २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात आम्ही आशा घरोघरी जाऊन विचारपूस करतो. पण आम्ही महिन्यातून किती वेळा जाणार? शेजारीण रोज जाऊ शकते. गटातल्या दोघींनी ठरवून घ्या, एकीनं सकाळी पोरांना शाळेत पोचवायचं, एकीनं संध्याकाळी आईजवळ बसायचं. सल्ला द्यायचा नाही, गवारीच्या शेंगा निवडत बसलं तरी चालतं. आणि हे तेरवीनंतर करायचं, कारण तेव्हाच घर रिकामं होतं. पोळ्याला, दिवाळीला, वर्षश्राद्धाला पुन्हा जायचं.

पैशाचं थोडक्यात. पात्र ठरलेल्या शेतकरी कुटुंबाला १ लाखाची मदत असते, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. त्यावर विसंबून राहू नका, सगळी प्रकरणं पात्र ठरत नाहीत. पण बाप नसलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, वयाच्या १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये. त्यासाठी प्रकरण पात्र-अपात्र ठरण्याची वाट बघावी लागत नाही. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो. बापाचा मृत्यूचा दाखला, आईचं आणि मुलाचं आधार, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक एवढे कागद जमवून गटाच्या पुढच्या बैठकीला या. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणा, अर्ज आम्ही भरून देतो.