रावबहादुर धुरंधर : चित्रकार आणि शिक्षक

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या दप्तरांत एक नांव असें आहे कीं, तें प्रथम विद्यार्थ्यांच्या हजेरीपटावर चढलें, पुढें शिक्षकांच्या यादींत गेलें आणि अगदीं शेवटीं संचालकाच्या खुर्चीपर्यंत पोहोंचलें. तें नांव महादेव विश्वनाथ धुरंधर यांचें. १८९० सालीं ते त्या दारांतून आंत गेले ते १९३१ च्या जानेवारींत निवृत्त होऊन बाहेर पडले. एवढ्या काळांत शाळेचे गोरे प्रमुख आले आणि गेले. धुरंधर मात्र तेथेंच होते.

त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजीं कोल्हापुरांत एका पाठारे प्रभु कुटुंबांत झाला. त्या वेळचें कोल्हापूर कलेच्या दृष्टीनें कोरडें नव्हतें. मुंबईस शिकून परत आलेले आबालाल रहिमान तेथें होते, आणि रेखनाचे पहिले धडे धुरंधरांना त्यांच्याचकडून मिळाले. गुरु आणि शिष्य यांचे मार्ग पुढें किती निराळे व्हावे! आबालाल कोटितीर्थाच्या कांठीं जवळ जवळ विरक्तासारखे राहिले. शिष्यानें मुंबईची नोकरी, वेळापत्रक आणि गर्दी पत्करली. यांतला कोणता मार्ग कलेला अधिक मानवतो, या वादाचा निकाल सहज लागण्यासारखा नाहीं.

धुरंधरांच्या विद्यार्थिदशेंत शाळेचे मुख्य जॉन ग्रिफिथ्स हे होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचें प्रचंड काम १८७२ पासून ज्यांनीं चालविलें, तेच हे गृहस्थ. शाळेचा शिक्षणक्रम मात्र पुरता विलायती होता. आधीं निव्वळ रेषा. मग ग्रीक मूर्तींचे प्लॅस्टरचे ठसे समोर ठेवून छायाप्रकाशाचा अभ्यास. त्यानंतर जिवंत माणसाचें मस्तक. आणि सर्वांच्या शेवटीं अनेक आकृतींची रचना. पांढऱ्या पुतळ्याच्या गालावर उजेड कोठें संपतो आणि छाया कोठें सुरू होते, एवढें पाहण्यांत दिवसामागून दिवस जावयाचे. या कवायतीनें हात तयार होई, यांत शंका नाहीं. परंतु तयार झालेल्या हातानें काढावयाचें काय, या प्रश्नाचें उत्तर शाळेपाशीं नव्हतें. ज्याचें त्यानें तें शोधावें.

धुरंधरांनीं तें लौकरच शोधिलें. १८९५ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांच्या ज्या चित्राला मिळालें, त्याच्या नांवाचा भावार्थ ‘लक्ष्मी, आलीस का?’ असा आहे. हे शब्द पुराणांतले नव्हेत. ते घरच्या उंबरठ्यावरचे आहेत. ग्रीक पुतळ्यांपुढें तासलेली पेन्सिल मराठी माजघराकडे वळली ती येथें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९६ त, शाळेनें आपल्या या विद्यार्थ्याला शिक्षक नेमलें.

दिवस भाग्याचे म्हणावे, तर त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईंत प्लेगनें थैमान मांडलें. लोक घरें सोडून पळाले, शाळा ओस पडल्या. १८९७ त धुरंधरांची तरुण पत्नी बापूबाई या सांथींत गेली. ज्याच्या चित्रांत घरांतल्या स्त्रीच्या बसण्या-उठण्याला, लुगड्याच्या निऱ्यांना आणि हातांतल्या तबकाला एवढें मानाचें स्थान, त्याचें स्वतःचें घर अशा रीतीनें तिशीच्या उंबरठ्यावर रिकामें झालें. कालांतरानें त्यांनीं गंगूबाईंशीं विवाह केला व संसार पुन्हा उभा राहिला. काम मात्र या सर्व काळांत थांबलें नाहीं.

त्या कामाचा विस्तार पाहिला म्हणजे आश्चर्य वाटतें. शाळेची नोकरी दिवसाची; आणि उरलेल्या वेळांत तैलचित्रें, जलरंग, मासिकांचीं व पुस्तकांचीं चित्रें, जाहिराती, इतकेंच नव्हे तर टपालाचीं सचित्र कार्डें! या शतकाच्या नव्हे, मागल्या शतकाच्या आरंभीं निघालेल्या त्या कार्डांवर मुंबईच्या रस्त्यांवरचीं माणसें आहेत. त्यांची चाल, पागोट्याची ठेवण, पदर घेण्याची तऱ्हा हें सर्व ज्याचें त्याला शोभेल असें उतरलेलें आहे. एक थोर चित्रकार पैशा-दोन पैशांच्या वस्तूसाठीं एवढे श्रम कां घेतो, असें कोणी विचारील. पण ज्या दिवाणखान्यांत तैलचित्र कधींच टांगलें गेलें नसतें, तेथें हें कार्ड पोस्टमनच्या हातून जाऊन पोहोंचे.

पुस्तकांच्या चित्रांत त्यांची खरी करामत दिसते. १९१२ सालीं एस. एम. एडवर्ड्स यांचें मुंबईच्या गल्लीबोळांविषयींचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. लेखक त्या वेळीं मुंबईचे पोलीस कमिशनर होते, आणि चित्रकार धुरंधर. पोलिसाची नजर आणि चित्रकाराची नजर एकाच रस्त्यावर पडली, कीं काय निराळें दिसतें, हें त्या पानांवर ताडून पाहण्यासारखें आहे. ऑटो रॉथफील्ड यांच्या हिंदुस्थानांतील स्त्रियांवरील पुस्तकासाठीं त्यांनीं नाना प्रांतांच्या व नाना जातींच्या स्त्रियांचीं रंगीत चित्रें काढलीं. मजकूर आज साहेबी थाटाचा व कांहीं ठिकाणीं असह्य वाटतो. चित्रांना मात्र तो दोष फारसा लागत नाहीं. कारण साहेबाला जी स्त्री नमुना म्हणून हवी होती, ती चित्रकाराच्या शेजारची होती.

आणि मग १९१४ सालचें तें किंकेड यांचें पुस्तक. श्रावणांत वारावारांना आपल्या घरीं ज्या कहाण्या सांगितल्या जातात, त्या या इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या भाषेंत नेल्या, आणि त्यांना चित्रें दिलीं धुरंधरांनीं. हातांत अक्षता घेऊन कहाणी ऐकणाऱ्या बाईच्या मनांत राजा कसा असतो, नावडती राणी कशी असते, नागकन्या कशी असते, याचा आराखडा आधीं कोणी काढलेला नव्हता. तो ऐकणारीच्या मनांतच होता. परक्या भाषेंतल्या पुस्तकांत ह्या घरच्या कल्पना प्रथम रंगरूपास याव्या, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

धुरंधरांवर टीका करणारे कमी नव्हते. कलकत्त्यास हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनीं नवी हांक दिली होती: पाश्चात्य वास्तवचित्रण टाका, आपल्या जुन्या परंपरेकडे चला. त्या दृष्टीनें मुंबईची शाळा ही नक्कलेची शाळा ठरली, आणि त्या शाळेचे सर्वांत जुने शिक्षक म्हणून धुरंधर आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहिले. आरोप सर्वस्वीं खोटा नाहीं. त्यांच्या मोठ्या पौराणिक चित्रांत संगीत नाटकाच्या रंगभूमीचा भास होतो; पात्रें जणू पडदा वर जाण्याची वाट पाहत उभीं आहेत. चेहरेहि पुष्कळदां एकाच सांच्यांतले वाटतात. पण छोट्या आकाराचें रेखाटन हातीं घ्यावें आणि मग हा आरोप पुन्हा करून पाहावा. देवळाच्या पायऱ्या, लग्नाची मिरवणूक, बाजारांतली घासाघीस. दहा-वीस माणसें एका वीतभर कागदावर, आणि एकाचा हात दुसऱ्याच्या अंगावर चढलेला नाहीं! ही विद्या विलायती खरी. पण तिनें टिपलेली गर्दी गिरगांव-भुलेश्वरची आहे.

शिक्षक या नात्यानें त्यांची खरी परीक्षा वर्गांत झाली. सावळाराम हळदणकरांसारखे जलरंगांत पुढें नांव मिळविणारे कलावंत त्या वर्गांतून गेले. गर्दीची रचना डोळ्यांदेखत उभी करून दाखविणारा शिक्षक समोर असणें, हें शंभर व्याख्यानांच्या बरोबरीचें होय. मात्र अधिकाराचा प्रश्न निघाला, कीं सगळें बदले. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले. बर्न्स गेले, ग्लॅडस्टन सॉलोमन आले. शाळेची माहिती ज्याला सर्वांहून अधिक, त्यानें प्रत्येक नव्या साहेबाला शाळा समजावून द्यावी आणि पुन्हा आपल्या जागीं जाऊन बसावें, असा तो क्रम. १९२७ सालीं सरकारनें त्यांना रावबहादुर केलें. नव्या दिल्लीच्या सचिवालयाची सजावट मुंबईच्या शाळेकडे आली, तेव्हां विधिखात्याच्या सभासदाच्या दालनांतील चित्रें धुरंधरांनीं काढलीं. परंतु संचालकाची जागा त्यांच्याकडे आली ती १९३० त, तीहि हंगामी, निवृत्तीला थोडे महिने उरले असतां. तोंवर त्या खुर्चीवर एकहि हिंदी गृहस्थ बसला नव्हता. मान मोठा, यांत वाद नाहीं. पण तो देणाऱ्यांनीं घड्याळ पाहूनच दिला, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

निवृत्तीनंतरहि ब्रश खालीं ठेवला गेला नाहीं. शिवछत्रपतींच्या चरित्रांतील प्रसंग हा त्यांचा आवडता विषय. औंधचे चित्रकार-राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या संग्रहांत त्यांपैकीं चित्रें आहेत, आणि औंधच्या डोंगरावरील संग्रहालयांत तीं पाहावयास मिळतात. १९३१ सालींच त्यांची कन्या अंबिका हिनें कलाशाळेची पदविका मिळविली. बाप ज्या वर्षीं बाहेर पडला, त्याच वर्षीं लेक शिकून तयार झाली. १ जून १९४४ रोजीं धुरंधर वारले. खारच्या ‘अंबासदन’ या घरीं वडिलांचीं चित्रें आणि रेखाटनें अंबिकाबाईंनीं अनेक दशकें सांभाळलीं. त्या २००९ सालीं निवर्तल्या. २०१८ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत धुरंधरांच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां पुष्कळ तरुणांनीं हें नांव प्रथमच ऐकलें.

त्यांचें आत्मवृत्त १९४० सालीं मराठींत प्रसिद्ध झालें. त्याला त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ असें नांव दिलें. शिक्षकाची नोकरी धरली, तर हिशेब पस्तीस वर्षांच्या आंतच येतो. धुरंधरांनीं मोजणी केली ती १८९० पासून, विद्यार्थी म्हणून आंत पाऊल टाकलें त्या दिवसापासून.