नरसीची परतवारी आणि आपले कर्तव्य



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही नरसी नामदेव या गावाचा विषय घेतला आहे. कयाधू नदीच्या परिसरातील हे लहानसे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात मोडते. संतशिरोमणी नामदेव महाराजांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७०, मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीस झाला असे मानतात. जन्मस्थान नरसी की पंढरपूर, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. मराठवाड्याची श्रद्धा मात्र नरसीवर स्थिर आहे, आणि त्या श्रद्धेतून जी लोकरीत उभी राहिली तिच्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

आषाढी एकादशी झाली की वारकरी आपापल्या गावी परततात. परंतु या भागातील भाविकांची वारी नरसीस माथा टेकल्यावाचून पुरी होत नाही. आषाढ वद्य एकादशीस येथे परतवारीची मोठी यात्रा भरते. पुढे दोनच दिवसांनी, वद्य त्रयोदशीस, नामदेवांची पुण्यतिथी येते. शके १२७२ मध्ये त्यांनी पंढरपूरच्या महाद्वारी देह ठेवला अशी परंपरा आहे. ती जागा आज 'नामदेव पायरी' म्हणून प्रसिद्ध आहे. संतांच्या पायांची धूळ मस्तकी लागावी म्हणून ज्याने पायरी होणे पत्करले, त्याच्या गावी देवदर्शनानंतर जाण्याची ही रीत किती अर्थपूर्ण आहे!

जवळच औंढा नागनाथ. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश तेथे झाला, आणि त्यांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले, ही कथा या भागात आबालवृद्धांस ठाऊक आहे. देवळामागे जाऊन कीर्तन करावे लागलेल्या भक्ताकडे देवानेच तोंड वळविले, हा तिचा भावार्थ आपण विसरता कामा नये.

पंजाबातील घुमान येथे नामदेवांचे दीर्घ वास्तव्य झाले. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. म्हणूनच शीख यात्रेकरूही नरसीस भक्तिभावाने येतात. घुमान येथे २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रास या नात्याचे पुन्हा स्मरण झाले.

आता थोडे स्पष्ट बोलतो. नामदेव आपल्या शिंपी समाजाचे, असे आपण अभिमानाने म्हणतो, व ते योग्यच आहे. पण नामदेवांनी आपले कोणास म्हटले? गंगाखेडची जनाबाई त्यांच्या घरची झाली. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. ज्याने असे नाते जोडले, त्याच्या नावाने जमणारे आपण सोयरीक ठरविताना अजून पोटजातींची कुंपणे मोजतो, हे शोभते काय? तयार कपड्यांच्या दुकानांपुढे आपल्यापैकी कित्येकांच्या घरचे शिवणयंत्र थांबले. मुले नोकरीनिमित्त दूर गेली. धंद्याने बांधलेला समाज यापुढे आचाराने बांधावा लागेल.

यास्तव आमची नम्र सूचना अशी की, प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी मुलाबाळांसह परतवारीस नरसीस जावे, व गाडीतून उतरून लगेच परत न फिरता एक रात्र कीर्तनास बसावे. शेजारी कोण बसला आहे, त्याची जात कोणती, हे विचारू नये. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस तोंडपाठ असलेले अभंग व ओव्या लिहून घ्याव्यात. विशेषतः आजीबाईंच्या, कारण त्या कोठेही छापलेल्या नसतात.

नरसीचा अभिमान आपणांस वारशाने मिळाला. नरसीची योग्यता मात्र प्रत्येक पिढीने नव्याने मिळवावयाची आहे. ती मिळविण्याची बुद्धी श्रीविठ्ठल आपणां सर्वांस देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.