तीन कॅमेरे आणि समोर प्रेक्षक



मघाशी तुमची एकांकिका पाहिली. प्रेक्षकांत हशा पिकला तेव्हा त्या मुलानं पुढचं वाक्य ओठांवरच रोखलं, हशा ओसरू दिला आणि मग बोलला. मी मालिकांचं संकलन करतो. तो क्षण संकलनात तयार करता येत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. टीव्हीवर तो जपणाऱ्या एका अमेरिकन कंपनीबद्दल आज बोलणार आहे : डेसिलू.

ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा डेसी अर्नाझ यांची ही कंपनी. त्यांची ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका १९५१ साली सीबीएसवर सुरू झाली. तेव्हा बरेचसे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. इतर भागांत दाखवण्यासाठी टीव्हीच्या पडद्यावरच कॅमेरा रोखून चित्रण करत आणि ते धुरकट दिसे. प्रायोजक सिगारेट कंपनीला पूर्वेकडे स्वच्छ चित्र हवं होतं, तर या जोडप्याला हॉलिवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी ठरवलं, सिनेमाच्या फिल्मवर चित्रीकरण करायचं, पण खऱ्या प्रेक्षकांसमोर, नाटकासारखं. खर्च वाढणार, म्हणून दोघांनी आपलं मानधन कमी करून घेतलं. बदल्यात त्या फिल्म्सची मालकी मागून घेतली.

मग काम आलं ‘मेट्रोपोलिस’चे छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे. तीन कॅमेरे एकाच वेळी चालणार, म्हणजे दर शॉटला प्रकाशयोजना बदलायची सोय नाही. त्यांनी दिवे वर टांगले आणि जमीन कॅमेऱ्यांसाठी मोकळी ठेवली. दिवाणखाना, स्वयंपाकघर, सगळं शेजारी शेजारी, प्रेक्षकांच्या बाजूला उघडं. सिटकॉममधला सोफा आजही बहुधा आपल्याकडे तोंड करून असतो, त्याचं मूळ या मांडणीत आहे. लेखकांनाही मग दोन-तीन खोल्यांत मावेल असंच कथानक रचावं लागलं. म्हणून मी म्हणतो, निर्मितीसंस्था नुसते पैसे घालत नाही, ती विनोदाचा साचा घडवते.

१९५२ मधला चॉकलेट कारखान्याचा प्रवेश जरूर पाहा. पट्ट्यावरून चॉकलेटं भराभर येतात आणि कागदात गुंडाळणं जमेना, तशी लूसी ती तोंडात, टोपीत, कपड्यांत कोंबत जाते. संवाद जवळपास नाहीत. काटेकोर तालीम आणि समोरच्या प्रेक्षकांचा हशा, एवढ्यावर तो प्रवेश उभा आहे.

आणि ती मालकी? चांगल्या फिल्मवर असल्यानं ते भाग पुन:पुन्हा दाखवता आले. ल्युसिलच्या बाळंतपणाच्या काळात जुने भाग दाखवले, तरी लोक आवडीनं पाहत राहिले. पुढे दोघांनी ते भाग सीबीएसलाच विकले आणि १९५७ मध्ये आरकेओ स्टुडिओ विकत घेतला. १९४० साली त्याच स्टुडिओत, पगारी कलाकार म्हणून काम करताना, दोघांची ओळख झाली होती.

एकांकिकेच्या चमूला माझी एक विनंती आहे. आजच्या प्रयोगाचं चित्रीकरण कुणी मागितलं, तर सही करण्याआधी कागदावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. बक्षीस समारंभानंतर मी इथेच आहे, असा कागद असेल तर घेऊन या. आपण मिळून वाचू.