वरची भाकरी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

माण तालुक्यातल्या एका वाडीवरून आम्ही आलोय. आमच्या बचत गटात आम्ही तेरा जणी आहोत. माइकपुढं एकच जण बसलीय, पण काय बोलायचं ते तेरा जणींनी मिळून ठरवलंय. म्हणून सगळ्यांच्या वतीनं ‘आम्ही’ असंच बोलतोय.

आज गटाचा हिशोब सांगायचा नाही, की शेळीपालनाची माहिती द्यायची नाही. गेल्या श्रावणात आमचे एक मित्र गेले. त्यांच्याविषयी बोलायचंय.

बाईमाणसानं कुणाला ‘मित्र’ म्हटलं की आपल्याकडं भुवया वर जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, भाऊबीजेला ओवाळायचो. पण भाऊ रक्तानं मिळतो. या माणसानं काही नातं नसताना आम्हाला विचारलं, आमचं ऐकलं, आमच्या वेळेला धावले. याला मैत्रीच म्हणायचं. नाव सांगत नाही. वहिनी म्हणाल्या, “नाव नको, काम सांगा.” तेही बरोबरच आहे.

दादांची जीप होती. वाडी ते दहिवडी, दहिवडी ते वाडी असं वडाप करायचे. एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही पावसात आली तर आली. बाजार, दवाखाना, तहसील, बँक, सगळं दादांच्या जीपवर. वडापची जीप कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. मांडीला मांडी, पायात कोंबडीची डालगी, मागं लोंबकळणारी पोरं. पण दादांच्या गाडीत एक नियम होता. पुढची जागा पोटुशी बाईची, नाहीतर लेकुरवाळीची. मग सरपंच आला तरी तो मागं. या जागेचं भाडं ते घेत नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, “दोन जीव बसलेत, हिशोब जमत नाही मला.”

निराधारचा पगार आणायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांकडून जाताना ते पैसे घ्यायचे नाहीत. येताना घ्यायचे, तेही हातात पगार पडला असेल तरच. पण “राहू द्या आजी” असं चारचौघांत कधी म्हणायचे नाहीत. हळूच म्हणायचे, “आजी, सुट्टे नाहीत माझ्याकडं, पुढच्या खेपेला घेतो.” ती पुढची खेप कधी यायची नाही. म्हातारीही समजायची, पण तिची मान ताठ राहायची.

मदत करणारे गावात पुष्कळ असतात. कुणी पाच रुपये देतो आणि पाच वर्षं सांगत फिरतो. दादांचं देणं असं होतं, की घेणाऱ्याला आपण घेतलं याचं ओझं व्हायचं नाही. त्याचं कारण आम्हाला हळूहळू कळलं. ते काहीतरी परत मागायचे. पैसे नाही मागायचे, काम मागायचे.

बाळंतपणाचंच बघा. 108 नंबरची गाडी आपल्या महाराष्ट्रात 2014 साली सुरू झाली. त्याआधी रात्री कळा सुटल्या की आमच्या वाडीला दादांचाच दरवाजा. सीटखाली एक धुतलेली वाकळ, पाण्याचा कॅन आणि बॅटरी कायम ठेवलेली. रात्री दोन वाजता हाक मारली तरी चप्पल शोधत बसायचे नाहीत, अनवाणी गाडीत बसायचे. दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयात पोचवायचं, तिथून साताऱ्याला न्या म्हणाले तर साताऱ्याला. डिझेलचे पैसे द्यायला नवरा आला की म्हणायचे, “पैसे नकोत. तुझी बायको हिंडती-फिरती झाली की पुढच्या बाईच्या वेळेला सोबत म्हणून तिनं गाडीत बसायचं. मी गाडी चालवणार, मला तिचा हात धरता येत नाही. तेवढं काम तिचं.”

अशी एकीमागून एक साखळी झाली. जिला काल कुणी धीर दिला, ती उद्या दुसरीला धीर द्यायला निघायची. आमच्या गटातल्या नऊ जणींची पहिली ओळख त्या जीपमध्ये, रात्रीच्या अंधारात, एकमेकींचा हात धरून झालीय. बचत गट नंतर झाला. त्याची गाठ आधीच बसली होती.

मग आला 2012-13 चा दुष्काळ. माणदेशाला दुष्काळ नवा नाही. आमच्या सासवा 72 चा दुष्काळ सांगायच्या, खडी फोडायला गेल्याच्या आठवणी सांगायच्या. पण आम्ही डोळ्यांनी बघितला तो हा. विहिरी आटल्या, दावणीला वैरण नाही, जनावरं विकावी तर कवडीमोल भाव. म्हसवडला चारा छावणी सुरू झाली. आम्ही जनावरं घेऊन तिथं गेलो आणि तिथंच राहिलो. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं वाडीवर, आम्ही छावणीत पालात. शेण काढायचं, पाण्याच्या टँकरकडं डोळे लावून बसायचं, उसाचं वाढं जनावरांपुढं टाकायचं.

घरून भाकरी आणायची कशी? दादा रोज संध्याकाळी वाडीवरून भाकरीची गाठोडी गोळा करायचे आणि छावणीत आणून द्यायचे. जाताना दुधाच्या किटल्या घेऊन जायचे. कुणाचं फडकं लाल, कुणाचं चौकड्याचं, कुणाचं धोतराचं. कुठलं गाठोडं कुणाचं हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळंच कुठलं फडकं आलं नाही हेही त्यांनाच आधी कळायचं.

आमच्यातल्या एकीचं फडकं चार दिवस आलं नाही. घरात धान्यच नव्हतं. ती म्हणायची, “मला भूक नाही, उपास आहे.” दादा तिला काही बोलले नाहीत. त्यांनी वाडीवर घरोघरी एवढंच सांगितलं, “उद्यापासून प्रत्येक गाठोड्यात एक भाकरी वर घाला.” का, कुणासाठी, ते सांगितलं नाही. छावणीत आल्यावर त्या वरच्या भाकरी एका पाटीत काढायच्या आणि पाटी मधे ठेवायची. ज्याला लागेल त्यानं घ्यायची. उपाशी असेल त्यानं घ्यायची, आणि पोट भरलेल्यानंही एखादा तुकडा मोडायचा, म्हणजे कोण गरजेपोटी घेतंय ते कुणाला ओळखू येत नाही. आणि पाटी वाटण्याचं काम त्यांनी कुणाला दिलं? जिचं फडकं आलं नव्हतं, तिलाच. ती वाढणारी झाली, मागणारी राहिली नाही.

पाऊस पडला, छावणी उठली, आम्ही घरी आलो. पण ‘वरची भाकरी’ हा शब्द आमच्यात राहिला. आज आमच्या गटात दर महिन्याच्या बचतीबरोबर प्रत्येकीनं दहा रुपये वेगळे टाकायचे असतात. त्याला आम्ही वरची भाकरी म्हणतो. ते कर्जात धरत नाही, त्याला व्याज नाही. ज्या घरात अडचण येईल तिथं ते जातात, आणि कुठं गेले ते बैठकीत नावानिशी वाचत नाही. वहीत नुसतं ‘दिले’ असं लिहितो.

आता दादा गेले ते सांगतो. वय बावन्न. रात्री जेवून अंगणात बसले होते, छातीत कळ आली. 108 ला फोन केला, गाडी आलीही, पण वाटेतच संपलं. इतक्या जणांना वेळेवर पोचवणारा माणूस स्वतः पोचला नाही. त्याचं दुःख अजून बोलून दाखवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. आणि मग आपल्याकडं जे होतं ते सुरू होणार होतं. वहिनींच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची. दोन म्हाताऱ्या पुढं झाल्या. त्यांना वाईट म्हणायचं नाही. त्यांच्याबरोबरही कधीतरी हेच झालेलं होतं, आणि दुसरं काही असू शकतं हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

आम्ही हेरवाडचं ऐकलेलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढलं आणि इतर गावांनी त्यांचा कित्ता गिरवावा असं सांगितलं. आमच्या बैठकीत यावर बोलणं झालं होतं. तेव्हा आमच्यातही दोन मतं होती. काही जणी म्हणाल्या, रीत मोडली तर लोक नावं ठेवतील, आणि भोगायचं वहिनींसारख्या एकटीला.

पण त्या सकाळी आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि जाऊन वहिनींच्या दोन्ही बाजूंना बसलो. भाषण केलं नाही. दादांच्या आईंना एवढंच म्हणालो, “आई, दादांनी आयुष्यभर बाईला पुढच्या जागेवर बसवलं. आता त्यांच्याच बायकोला मागं बसवायचं का?”

आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्या दोघींना म्हणाल्या, “हात लावू नका तिला. तिचं ती बघेल.”

बांगड्या तशाच राहिल्या. पुढं काही महिन्यांनी वहिनींनी आपणहून कुंकू लावणं कमी केलं. बांगड्या मात्र घालतात. काय ठेवायचं, काय काढायचं हे त्यांच्या मर्जीनं होतंय, आणि आम्ही त्यावर काही विचारत नाही. संक्रांतीला आमच्या गटाच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावलं, वाण दिलं. दोन घरांनी त्या दिवसापासून आमच्याकडं येणं बंद केलंय. ते परत येतील तेव्हा येतील. त्यांचंही वाण बाजूला काढून ठेवलेलं आहे.

रडून झाल्यावर कागदाची कामं येतात. ती आम्ही वाटून घेतली. मैत्रिणींनो, हे नीट ऐका, कारण ही वेळ कुणावरही येते आणि तेव्हा सुचत नाही.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची. त्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवायच्या, प्रत्येक ठिकाणी लागतात. जमीन असेल तर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा. बायकोचं, मुलींचं नाव त्यात आलंय ना, ते स्वतः वाचून बघायचं. गाडी असेल तर मालक गेल्यापासून तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत ती वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा.

नवऱ्याचं पासबुक काढून बघा. मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये कापलेले दिसले, तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे. 2022 च्या आधी 330 कापायचे. त्यात वारसाला दोन लाख मिळतात. दादांनी तो काढलेला होता. बँकेत जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, “चहा-वड्याचे पैसे आहेत, कापू द्या.” घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी वीस हजार मिळतात. अर्ज तहसीलमध्ये करायचा. संजय गांधी निराधारचाही अर्ज तिथंच विचारायचा.

वहिनींबरोबर दर वेळी आमच्यातली एक जण गेली. गाडीत पुढच्या जागेवर त्यांना बसवलं. आणि दादांची पद्धत पाळली. आम्ही त्यांच्याकडून काम मागितलं. वहिनी सातवी शिकलेल्या आहेत, अक्षर सुरेख. गटाची वही आता त्या लिहितात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “माझ्यावर दया म्हणून देताय का?” आम्ही म्हणालो, “नाही, आमच्या सचिवाचं अक्षर आम्हालाच वाचता येत नाही म्हणून देतोय.” सचिव तिथंच बसली होती, तीच पहिली हसली. दादा गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा हसू ऐकलं.

जीप आता वहिनींच्या नावावर आहे. दादांनी आमच्यातल्या दोघींना गाडी शिकवली होती, रिकाम्या माळावर, संध्याकाळी. त्यातल्या एकीनं लायसन्सपाठोपाठ बॅजही काढला आणि ती आता दहिवडीची खेप करते. आधी लोक बसायला बिचकत होते. आता बसतात. भाड्यातला ठरलेला वाटा वहिनींना जातो. पुढची जागा कुणाची, हे नव्यानं सांगावं लागलं नाही.

दादांचा फोटो आम्ही गटाच्या खोलीत लावलेला नाही. त्यांना ते आवडलं नसतं. वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता तेवढ्या पैशात दोन धुतलेल्या वाकळी आणि एक चांगली बॅटरी घेऊन जीपमध्ये ठेवायची, असं वहिनींनीच सुचवलंय.

तुमच्याही गावात असं कुणीतरी होतं, किंवा आहे. जिवंत असेल तर आजच जाऊन त्याच्याशी बोला. गेला असेल तर त्याच्या घरी जा आणि त्याची बायको, आई, लेकरं कशी आहेत ते बघा. काही द्यायचं असेल तर असं द्या, की त्यांची मान खाली जाणार नाही. आणि येत्या बैठकीत एवढा एकच विषय घ्या, की आपल्या गटात वरची भाकरी कोण घालतंय आणि कुणाचं फडकं बरेच दिवस आलेलं नाही.